इथे अफूची मात्रा चालत नाही

"डॉक्टर, एवढं दुखतंय तिला आणि तुम्ही फिटच्या नि डिप्रेशनच्या गोळ्या देताय. सरळ मॉर्फिन का नाही लिहून देत?"

मुलगा चिडला होता. बाजूला आई बसली होती, सत्तरी ओलांडलेली. डाव्या बरगड्यांवर नागीण उठली होती, फोड सुकून चार महिने झाले होते, आग मात्र तशीच. साडी नेसणं तिने केव्हाच सोडलं होतं. अंगात नवऱ्याचा धुऊन धुऊन मलमल झालेला सदरा, आणि तोही चिमटीत धरून अंगापासून दोन बोटं लांब ठेवलेला. मी कापसाचा बोळा त्या जागेवरून नुसता फिरवला, तर बाई अशी दचकली की जसा काही पलिता लावला. मग त्याच जागी तळहाताने घट्ट दाबलं. म्हणाली, "ह्ये बरं वाटतंय. पदर तेवढा सहन हुईना बगा." (खूण पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, सदरा खरा आहे.)

दाबलं तर बरं वाटतं आणि कापूस फिरवला तर जीव जातो, अशा दुखण्याला स्ट्राँग गोळी हवी असं त्या मुलाला वाटत होतं. एकट्या त्याला वाटत असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. हे मत लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, मेडिकलच्या काउंटरवर ऐकू येतं, आणि इंग्रजी बोलणाऱ्या परिषदांत ते फार कनवाळू आवाजात ऐकू येतं. त्याची बाजू आधी नीट मांडतो, नाहीतर म्हणाल, सोयीचं तेवढं उचललं.

मत असं: दुखणं दहापैकी नऊ असेल तर औषधही पहिल्या नंबरचंच हवं. दुखण्यावरच्या औषधांचा राजा मॉर्फिन, त्याच्या खालोखाल फेंटानिलचे पॅच, टॅपेंटाडॉल, ट्रामाडॉल, सगळी अफूवर्गातली. डॉक्टर ही औषधं देत नाहीत कारण ते घाबरतात, कायद्याला आणि 'व्यसन' या शब्दाला. त्याऐवजी ते नैराश्याची गोळी देतात, म्हणजे आडून 'तुमचं दुखणं मनाचं आहे' असंच सुचवतात. अभ्यासांतले आकडेही अफूच्या बाजूने आहेत. आणि रुग्ण स्वतः सांगतो की त्या गोळीने पहिल्या आठवड्यात फरक पडला होता. तेव्हा जे डॉक्टर ती नाकारतात ते निर्दय आहेत. एकूण असं.

यातला शेवटचा शब्द मला लागतो, पण त्याकडे नंतर येतो. आधी गणित.

दुखणं जेवढं मोठं तेवढी गोळी स्ट्राँग, हे गणित गुडघ्याला चालेल, हाड मोडलं तर चालेल. नसेच्या दुखण्याला चालतं का? ट्रायजेमिनल न्यूराल्जिया नावाचं चेहऱ्याच्या नसेचं एक दुखणं आहे. दात घासताना, दाढी करताना, गालावर वाऱ्याची झुळूक आली तरी करंट बसतो. काही सेकंदांचाच, पण माणूस घास तोंडात धरून तसाच गोठतो. माझ्यापर्यंत पोचेतो कित्येकांनी दोन-तीन धडधाकट दाढा काढून घेतलेल्या असतात. माणसाला होणाऱ्या सगळ्यात भयंकर दुखण्यांत हे मोडतं. म्हणजे गणित खरं असेल तर मॉर्फिनने इथेच बाजी मारायला हवी. ती मारत नाही. जवळपास काहीच करत नाही. आणि कार्बामॅझेपिन ही फिटची गोळी, जी स्वीडनच्या ब्लोम नावाच्या डॉक्टरने १९६२ साली या दुखण्यावर वापरून दाखवली, ती बहुतेकांना काही दिवसांत घास गिळू देते. गोळी पुरेनाशी झाली तर पीटर जॅनेटा यांनी रूढ केलेली शस्त्रक्रिया आहे: नसेवर चढून बसलेली रक्तवाहिनी बाजूला सारायची आणि मध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवायचा. दुखण्याच्या कारणाला हात घातला की दुखणं जातं, आणि राजाला हात लावावा लागत नाही. मग 'स्ट्राँग' म्हणजे नक्की काय? कुणाच्या मानाने स्ट्राँग?

हा गोंधळ एका शिडीपासून सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तीन पायऱ्यांची एक शिडी आखून दिली. खाली पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मध्ये कोडीन, वर मॉर्फिन. चांगली शिडी आहे, तिने लाखो लोकांचं मरण सुसह्य केलं. पण ती कॅन्सरच्या दुखण्यासाठी बनवली होती. आपण ती उचलली आणि गावातल्या प्रत्येक घराला लावून पाहिली. नसेच्या दुखण्याला माळाच नाही, तिथे शिडी लावून चढणार कुठे?

तर नसेचं दुखणं म्हणजे काय? बोट कापलं की कापल्याची बातमी नसेतून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जाते. बातमी खरी असते. नागिणीत, मधुमेहात, कुष्ठरोगात बातमी नेणारी तारच सडते. रुग्ण स्वतः म्हणतात ना, करंट लागतो, मुंग्या येतात, चटके बसतात, टाचण्या टोचतात? महावितरणच्या कुठल्याही लाइनमनला विचारा, वायरचं इन्सुलेशन गेलं की काय होतं ते. मॉर्फिन काम करतं ते बरंचसं मज्जारज्जूत, बातमी आत येते त्या दारावर. तिथे त्याला बसायला पाट मांडलेले असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. नस तुटली-सडली की यातले बरेच पाट उचलले जातात. वर कोलेसिस्टोकायनिन नावाचं एक रसायन वाढतं, जे मॉर्फिनच्या विरुद्ध काम करतं. आणि स्पर्शाची बातमी नेणाऱ्या जाड तंतूंवर तर मुळातच हे पाट थोडे. नेमके तेच तंतू आता दुखण्याची बोंब ठोकू लागतात. म्हणून पदर चावतो. यातलं पुष्कळसं प्रयोगशाळेतल्या उंदरांवर पाहिलेलं आहे, हे कबूल. पण राजा ज्या सिंहासनावर बसून राज्य करतो तेच मोडकळीला आलंय, एवढा अर्थ त्यातून निघतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धात सायलस वेअर मिशेल नावाचा डॉक्टर फिलाडेल्फियात नसांना गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करत होता. जखम भरायची, पण हातापायांची आग थांबायची नाही. या आगीला 'कॉझाल्जिया' हे नाव त्यानेच रूढ केलं. ते सैनिक हातावर सतत ओलं फडकं धरून बसत, बुटांत पाणी ओतून चालत. त्या इस्पितळात मॉर्फियाच्या सुयांची ददात नव्हती आणि मिशेलने त्या सुयांची तारीफही केली आहे. तरी ओलं फडकं हातातून सुटत नव्हतं. आमच्याकडे येणारे मधुमेही रात्री दोन वाजता उठून शहाबादी फरशीवर पाय टेकवून बसतात, कुणी बादलीत पाय सोडतं. दीडशे वर्षांत भाषा बदलली, खंड बदलला, फडकं तेच राहिलं.

आता आकडे. विरोधकांचा हुकमाचा पत्ता आहे २०१५ चा 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मधला मोठा आढावा. त्यात प्रत्येक औषधाला एक आकडा दिलाय: किती जणांना ते दिलं की एकाचं दुखणं अर्ध्यावर येतं. आकडा लहान तेवढं औषध गुणी. प्रेगाबालिनचा ७.७. स्ट्राँग अफूवर्गाचा ४.३. बघा, म्हणतात, तुमच्याच शास्त्रात लिहिलंय!

लिहिलंय खरं. पण त्याच पानावर अॅमिट्रिप्टिलिनच्या कुळाचा आकडाही आहे, ३.६. तो का वाचला जात नाही? ती 'डिप्रेशनची गोळी' आहे म्हणून? आणि हे सगळे आकडे गोळा करून झाल्यावर त्याच तज्ज्ञांनी स्ट्राँग अफूवर्गाला तिसऱ्या रांगेत का बसवलं, हे तरी वाचलंत का? तोटे आणि गैरवापर हिशेबात धरले म्हणून. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमी २०२२ मध्ये मधुमेहाच्या पायदुखीबद्दल याच्याही पुढे गेली: या दुखण्याला अफूवर्गातली औषधं वापरू नका, ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलसुद्धा नको. म्हणजे ज्या देशाने ही औषधं सगळ्यात सढळ हाताने वाटली त्याच देशाचे मेंदूवैद्य आता हात आखडून घेताहेत, आणि आमच्याकडच्या पुढारलेल्यांना आत्ता कुठे ती वाटण्याचा उमाळा आलाय.

एक अभ्यास मात्र मी जवळून दाखवतो, कारण त्याचं नाव दोन्ही बाजू घेतात. कॅनडातल्या गिलरन आणि सहकाऱ्यांचा, २००५ सालचा, 'न्यू इंग्लंड जर्नल'मधला. मधुमेहाने किंवा नागिणीने नसा दुखणारे ५७ जण घेतले. प्रत्येकाला आळीपाळीने पाच-पाच आठवडे मॉर्फिन, गॅबापेंटिन, दोन्ही एकत्र, आणि नुसती दाखवायची गोळी (तीही अगदी रिकामी नव्हे, थोडी गुंगी आणणारी, म्हणजे कुणाला ओळखता येऊ नये). ४१ जण शेवटपर्यंत टिकले. सुरुवातीला दुखणं दहापैकी ५.७२. दाखवायच्या गोळीवर ४.४९. मॉर्फिनवर ३.७०. वजाबाकी करून पाहा. निव्वळ 'औषध घेतलं' या समाधानाने सव्वा गुण उतरला, आणि मॉर्फिनने त्यावर स्वतःच्या खिशातून घातले ०.७९. रुपयातले एकोणऐंशी पैसे. हा तो राजा! गॅबापेंटिनने तर त्याहूनही कमी घातले, ते लपवायचं कारण नाही. मी गॅबापेंटिनचा वकील नाही. दोन्ही एकत्र दिली तेव्हा ३.०६ पर्यंत उतरलं, आणि तेही कमी-कमी मात्रेत. अभ्यासाचं म्हणणं 'मॉर्फिन द्या' असं नव्हतंच. नसेचं दुखणं एका गोळीने वठणीवर येत नाही, थोडं इथून थोडं तिथून कुरतडावं लागतं, हे त्याचं म्हणणं होतं. मथळ्यात ते मावत नाही, एवढंच.

आणि मुदत? १९८८ मध्ये स्वीडनच्या आर्नेर आणि मायरसन यांनी लिहिलं की या दुखण्यावर अफूवर्ग चालतच नाही. ते जरा जास्तच झालं, पुढच्या अभ्यासांनी ते सौम्य केलं. 'अजिबात नाही'च्या जागी 'थोडं, काही आठवडे' आलं. पण ते काही आठवडे म्हणजे किती, हे सोयीस्कर विसरलं जातं. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ३१ अभ्यास तपासले. लांबातला लांब म्हणावा असा बारा आठवड्यांचा. नागिणीनंतरच्या दुखण्याला 'पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया' हे नाव लागायलाच तीन महिने जातात! म्हणजे रोगाचं बारसं होतं तिथे औषधाचा अभ्यास संपतो. त्यापुढची पाच वर्षं, दहा वर्षं? तिथला पुरावा कुठाय? वर्षभर चाललेला एक चांगला अभ्यास आहे, २०१८ चा, २४० अमेरिकी माजी सैनिकांवरचा, पण तो कंबर, गुडघे आणि खुब्याच्या दुखण्याचा. वर्षाअखेर अफूवर्गावर असलेल्यांचं दुखणं ४.०, बाकीच्यांचं ३.५. नसेचं दुखणं वेगळं, मान्य. पण जिथे हे औषध जास्त चालायला हवं तिथेच वर्षभरात त्याचे पाय लटपटतात, तर जिथे ते कमी चालतं तिथे ते धावेल असं मानायला आधार काय?

पहिल्या आठवड्यात फरक पडला होता, हे खरं असतं. कुणी खोटं बोलत नाही. शरीर गोळीला सरावतं, मग मात्रा वाढवावी लागते. पन्नास, शंभर, मग दिवसातून तीनदा. पुढे एक चमत्कारिक वळण येतं. गोळी चुकली की दुखणं उसळतं, पहाटे चारला जाग येते, घाम फुटतो, पाय तडफडतात. रुग्ण म्हणतो, "बघा डॉक्टर, गोळी नसली की केवढं दुखतं! म्हणजे गोळी काम करतीय." अहो, ते गोळीचं काम नाही, गोळीची वसुली आहे. सावकाराचा हप्ता चुकला की दारात माणूस उभा राहतो, म्हणून सावकार घर चालवतो असं आपण म्हणतो का? काही जणांत तर हीच औषधं दुखण्याची सोशिकता आणखी कमी करतात. किती जणांत, यावर तज्ज्ञांचा वाद आहे, पण असं होतं यावर नाही. बद्धकोष्ठ तर धरूनच चाला. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन खाली येतं, आणि त्याविषयी ओपीडीत कुणी बोलत नाही, बायको बरोबर असेल तर मुळीच नाही. सत्तरीची बाई रात्री गुंगीत बाथरूमला जाताना पडते आणि नागिणीसाठी आलेली पेशंट खुब्याच्या ऑपरेशनला जाते. प्रेगाबालिनच्या जोडीला हे दिलं तर श्वास मंदावण्याचा धोका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये याबद्दल ताकीद दिली. आपल्याकडे ही जोडी एकाच चिठ्ठीवर राजरोस असते.

भीतीचं म्हणाल तर हसू येतं. मी भूलतज्ज्ञ आहे. सकाळी सातपासून ऑपरेशन थिएटरमध्ये फेंटानिलच्या अँप्यूल फोडत असतो. ज्या औषधाला डॉक्टर घाबरतात म्हणता, ते मी तुम्हाला जेवणात मीठ घालावं तितक्या सवयीने देतो, आणि मोजून देतो. मोडलेल्या मांडीला, जळालेल्या अंगाला, कॅन्सरला मॉर्फिन द्यायला माझा हात कापत नाही. उलट कॅन्सरचा रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत मरतो, ही या देशाची लाजिरवाणी गोष्ट आहे. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने, आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायदा सैल झाला, त्यासाठी केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली. कायद्याची ही बाजू मांडणाऱ्यांच्या मी शंभर टक्के सोबत आहे. पण कॅन्सरच्या रुग्णांच्या अश्रूंचं भांडवल करून नागिणीच्या आणि मधुमेहाच्या दुखण्यासाठी हीच औषधं वर्षानुवर्षं मागणं म्हणजे शेजाऱ्याच्या सुतकात आपली वसुली उरकणं. जिथे हवं तिथे ते पोचवा. जिथे चालत नाही तिथे ते पोचवण्याची ही कसली करुणा?

हा करुणेचा प्रयोग अमेरिकेने करून पाहिलाय, आणि तो सुरू झाला पाच वाक्यांच्या एका पत्रावरून. जानेवारी १९८० मध्ये पोर्टर आणि जिक या दोघांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'ला कळवलं की इस्पितळात भरती असताना अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नोंद फक्त ४ जणांची सापडली. इस्पितळात भरती असताना, म्हणजे नर्सच्या हातून, मोजून, काही दिवस. घरी नेऊन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचा त्यात एक शब्द नाही. पण हे पत्र पुढे ६०८ वेळा उद्धृत झालं, २०१७ मध्ये कुणीतरी बसून मोजलं, आणि बहुतेकांनी ते 'व्यसन दुर्मीळ असतं' याचा पुरावा म्हणून वापरलेलं निघालं. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गातली गोळी बाजारात आली. ती विकणाऱ्या पर्ड्यू कंपनीने लोकांची दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ मध्ये कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा गुन्हे कबूल केले. तोवर गावंच्या गावं रिकामी होत आली होती. २०२१ ते २०२३ या काळात तो देश वर्षाला लाखभर माणसं औषधांच्या अतिमात्रेने गमावत होता. यातली सगळी डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे गेलेली नाहीत, रस्त्यावरच्या फेंटानिलचा वाटा सगळ्यात मोठा, पण वाट कुठून फुटली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे तसं होणार नाही, असं म्हणणारे भेटतात. का होणार नाही? आपली पोटं वेगळी आहेत? फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईजवळची एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवतेय आणि तिथल्या रस्त्यांवर पोरं त्या चघळताहेत. तेव्हा कुठे केंद्राने त्या जोडगोळीच्या परवानग्या मागे घेतल्या. ट्रामाडॉल २०१८ मध्येच एनडीपीएसखाली आलं. तोवर ते 'साधं पेनकिलर' म्हणून खपत होतं. आजही कुणी ते 'सौम्य' म्हणतं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर गोळी घेऊन फिट आलेला तरुण उभा राहतो.

आणि ट्रामाडॉलची गंमत तर अशी की या वादातला सगळ्यात मोठा विनोद त्याच्याच पोटात आहे. नसेच्या दुखण्यात ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल ही शुद्ध मॉर्फिनपेक्षा जरा बरी पडतात असं त्यांचे चाहते सांगतात. का? कारण ती अर्धीच अफू आहेत. उरलेलं काम ती मज्जारज्जूत नॉरअॅड्रेनलिन वाढवून करतात (ट्रामाडॉल सेरोटोनिनही वाढवतं). आणि अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन काय करतात? नेमकं तेच! म्हणजे ज्या 'वेड्याच्या गोळी'ला नाक मुरडून स्ट्राँग गोळी मागितली, तिच्याच गुणाचा निम्मा भाग त्या स्ट्राँग गोळीत आहे, फक्त वर व्यसनाची शेपटी जोडून. दोन्ही एकत्र घेतल्या तर सेरोटोनिन हाताबाहेर जाऊ शकतं, ते वेगळंच.

अॅमिट्रिप्टिलिनमुळे माणसाचा अपमान होतो, या तक्रारीचं काय करावं कळत नाही. नैराश्यावर ती पंचाहत्तर-दीडशे मिलिग्रॅमने देतात, नसेच्या दुखण्यावर आम्ही दहाने सुरू करतो, रात्री झोपताना. १९८२ मध्ये टोरंटोच्या पीटर वॉटसन यांनी नागिणीनंतरच्या दुखण्याच्या २४ रुग्णांना ती दिली. १६ जणांना चांगला आराम पडला, आणि त्यांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडल्याशिवाय पडला. म्हणजे ती मन रमवून दुखणं विसरायला लावत नाही, तारेवर काम करते. पांडुरंगाच्या देवळात गेलं म्हणून कुणी वारकरी होत नाही, तसं नैराश्याची गोळी घेतली म्हणून दुखणं मनाचं ठरत नाही. तिचेही जाच आहेत. तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट असेल तर लघवी अडते, हृदयाचा ईसीजी आधी बघावा लागतो. पण रात्री दहा मिलिग्रॅम घ्यायची ही गोळी इतकी स्वस्त आहे की तिच्यासाठी कुणी परिषद भरवत नाही, की पंचतारांकित जेवण देत नाही. तिचा पाठीराखा कोण असणार?

याच धर्तीवरचा ब्रिटनमधला 'ऑप्शन-डीएम' नावाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाने पाय जळणारे १३० जण. अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन, एकाने भागलं नाही तर दुसरं जोडायचं. तपासलेल्या कुठल्याही क्रमाने दिलं तरी १६ आठवड्यांत दुखणं ६.६ वरून ३.३ वर आलं. निम्मं. अफूच्या एका कणाशिवाय.

आणि हे सगळं घडण्याच्या आधीच्या गोष्टी? देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे. त्यातल्या किती जणांचे पाय कुणी मोजे काढून पाहतं? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-१२ कमी होतं आणि त्यानेही पाय जळतात. ती तपासणी कोण लिहितं? नागीण उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत विषाणूचं औषध सुरू केलं तर दुखणं आटोक्यात राहण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे ते तीन दिवस कशात जातात? गेरू लावण्यात, मंत्राने 'उतरवून' घेण्यात, आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं तर माणूस दगावतो की काय या धास्तीत. पन्नाशीनंतर घेता येईल अशी लस २०२३ पासून इथे मिळते. महाग आहे. पण फेंटानिलच्या पॅचचा वर्षभराचा खर्च मांडणाऱ्याने ती महाग म्हणावी? दारातून चोर गेल्यावर तिजोरीचं कुलूप जितकं स्ट्राँग हवं म्हणतो, तेवढं आधी दाराचं का नाही?

आता तो 'निर्दय' शब्द. दुखण्याने रात्र काढणाऱ्याला 'हे औषध तुला नाही' म्हणताना बरं वाटतं असं समजू नका. चिठ्ठीवर चार अक्षरं लिहिली की मुलगा खूश, आई आठवडाभर झोपली, मी दयाळू ठरलो. सोपं तेच आहे. जे डॉक्टर एवढंच करतात त्यांची ओपीडी भरलेली असते. मला निर्दय म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे: तुमची दया किती आठवड्यांची आहे? बारा? त्यानंतर मात्रा वाढवायला, गोळी सोडवायला, मोडलेल्या खुब्याशेजारी बसायला तुम्ही असाल का? नसाल तर ती दया बाराव्या आठवड्यापर्यंतच्या अभ्यासांतच राहू द्या. मी नसेच्या दुखण्यावर, जगण्याची मुदत बाकी असलेल्या माणसाला, रोजची आणि कायमची म्हणून अफू लिहून देणार नाही. काल लिहिली नाही, उद्या कुणी परिषदेत टाळ्या घेतल्या तरी लिहिणार नाही. कधी सगळं करून थकलो आणि चार दिवस तगवायचे असतील तेव्हा मोजून, तारीख टाकून देतो, आणि ती परत घेण्याची तारीखही तेव्हाच ठरवतो. त्यापलीकडे नाही.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही, एवढा वेळ ओपीडीत कुणाला असतो? आईचा ईसीजी काढला. रात्री नॉरट्रिप्टिलिन दहा, गॅबापेंटिन हळूहळू चढवत, आणि बरगडीवर लिडोकेनचा पॅच लावायचा, दिवसात बारा तास. मुलगा 'बघू' म्हणत गेला. परत येईलसं वाटलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी आले. मी विचारलं, किती? आईने बोटं मोजली, "पाच." मुलगा लगेच, "नऊचं पाच म्हणजे निम्मं तर आहेच की अजून, डॉक्टर." आई त्याच्यावर खेकसली, "गप रं. काल रातीला सलग चार तास झोप लागली मला." मी नॉरट्रिप्टिलिन पंचवीसवर नेलं. उठताना पाहिलं, सदरा नव्हता. सैल झंपरावर साडी नेसली होती, पदर मात्र उजव्या खांद्यावर टाकलेला. डाव्या बरगडीला तो अजून चालत नव्हता.